छोट्या पक्षाचा नगराध्यक्ष उमेदवार: कागद, चिन्ह आणि सहा दिवस

महाराष्ट्रात महापौरपदासाठी जनतेकडे थेट मतं मागता येत नाहीत. राज्यातल्या २९ महापालिकांमध्ये महापौर निवडतात ते नगरसेवक, तेही अडीच वर्षांसाठी. दोन नगरसेवकांच्या पक्षाने महापौरपदाचा अर्ज भरला, तर बहुतेक वेळा तो एखाद्या समितीची जागा पदरात पाडून घेण्यासाठी असतो आणि माघारीच्या वेळेत गुपचूप परत घेतला जातो. शहराच्या पहिल्या खुर्चीसाठी लोक स्वतः बटण दाबतात ते नगरपरिषदा आणि नगरपंचायतींमध्ये. त्यामुळे छोट्या पक्षाच्या माणसाला शहराचा प्रमुख व्हायचं असेल, तर त्याने लढायचं ते नगराध्यक्षपद.

ही थेट निवडणूकही कायमची नाही. २००१ मध्ये ती आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये पुन्हा आली, २०२० मध्ये पुन्हा रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आणली गेली. मुंबईत सरकार बदललं की तालुक्याच्या गावातली खुर्ची वर-खाली होते. नगरसेवकांनी नगराध्यक्ष निवडायचा असेल तेव्हा छोटा पक्ष शर्यतीतच नसतो. थेट निवडणुकीत तो असतो, पण मग अख्खं शहर हा एकच मतदारसंघ होतो, आणि तो पिंजून काढायला हाताशी असतात फार थोडे दिवस. माझ्या मते छोट्या पक्षाच्या उमेदवाराला सगळ्यात जास्त मारतं ते कॅलेंडर. पैसा, जात, मोठ्या नेत्याची सभा हे सगळं त्यानंतर येतं.

२०२५ चंच वेळापत्रक बघा. नगराध्यक्षपदांच्या आरक्षणाची सोडत ६ ऑक्टोबरला निघाली. निवडणूक जाहीर झाली ४ नोव्हेंबरला. अर्ज १० ते १७ नोव्हेंबर, छाननी १८ ला, जिथे अपील नाही तिथे माघार २१ पर्यंत आणि जिथे अपील आहे तिथे २५ पर्यंत, अंतिम यादी आणि चिन्हवाटप २६ ला, मतदान २ डिसेंबरला. प्रचार १ डिसेंबरच्या रात्री १० वाजता बंद. म्हणजे ज्याला चिन्ह २६ तारखेला मिळालं, त्याला ते लोकांपर्यंत न्यायला मोजून सहा दिवस. मोठ्या पक्षाचं चिन्ह मतदाराला लहानपणापासून पाठ असतं, त्याला या सहा दिवसांचं काही वाटत नाही.

सोडतीचा फटकाही छोट्या पक्षालाच जास्त. चार वर्षं पाणीपट्टी आणि गटारींच्या प्रश्नावर एकच माणूस बोलत आलेला असतो, आणि सोडतीत पद महिलेसाठी किंवा दुसऱ्या प्रवर्गासाठी राखीव निघतं. मोठ्या पक्षाकडे प्रत्येक प्रवर्गात चार इच्छुक रांगेत असतात. छोट्या पक्षाकडे एकच चेहरा असतो, मग रात्रीतून त्याच्या पत्नीचं किंवा वहिनीचं नाव पुढे येतं आणि बॅनरवर तिच्यापेक्षा त्याचाच फोटो मोठा लागतो. मतदार हे लगेच ओळखतो. ज्या पक्षाला हे टाळायचं असेल त्याने सोडतीच्या आधीच निदान तीन-चार प्रवर्गांतली माणसं आंदोलनात पुढे ठेवलेली असावीत, त्यांच्या सहीने निवेदनं गेलेली असावीत, आणि राखीव प्रवर्गातल्यांची जातवैधता तपासणीला गेलेली असावी.

कागद

जातवैधता प्रमाणपत्र हा पहिला खड्डा. राखीव जागेवर अर्ज भरताना ते हातात नसेल, तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोहोच आणि निवडून आल्यापासून सहा महिन्यांत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र लागतं. ही पोहोच १६ नोव्हेंबरच्या रविवारी मिळत नाही. कॉलेजातल्या प्रवेशाच्या वेळी काढलेलं जातीचं प्रमाणपत्र असणं वेगळं आणि वैधता असणं वेगळं, आणि या दोन कागदांत गल्लत करणारे उमेदवार प्रत्येक निवडणुकीत सापडतात.

बाकीची चळत अशी: अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, त्याची छापील प्रत सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायची. सोबत मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती देणारं शपथपत्र. अनामत भरल्याची पावती. निवडणूक खर्चासाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्याचा तपशील. पालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला. शौचालय असून ते वापरत असल्याचा दाखला. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांबाबतचं घोषणापत्र, कारण दोनपेक्षा जास्त अपत्यांचा नियम इथे लागू आहे. पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध नसल्याचं लिहून द्यायचं.

यात प्रत्यक्षात काय अडतं? थकबाकीचा दाखला. घर वडिलांच्या नावावर, पाण्याचं कनेक्शन आजोबांच्या नावावर, आणि जुन्या भाड्याच्या गाळ्याची पट्टी तिसऱ्याच खात्यावर. वसुली विभागात शेवटच्या चार दिवसांत गर्दी असते. दाखल्यासाठी निवडणूक जाहीर होण्याचीही वाट बघू नये. ऑक्टोबरमध्येच सगळ्या खात्यांची पट्टी भरून पावत्या एका फायलीत लावाव्यात. बँक खात्याचंही तेच. नवं खातं उघडायला केवायसी, फोटो, आणि मधल्या सुट्ट्या धरून चार-पाच दिवस सहज जातात.

शपथपत्रात रिकामा रकाना ठेवायचा नाही. दागिने नसतील तर ‘निरंक’, कर्ज नसेल तर ‘निरंक’, अवलंबितांच्या प्रत्येक रकान्यातही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रिसर्जन्स इंडिया प्रकरणात सांगितलंय की रिकामे रकाने भरायला सांगूनही ते भरले नाहीत तर अर्ज फेटाळता येतो. रेघ मारून सोडू नका, शब्द लिहा. स्टॅम्पपेपरवर शपथ घेतल्यानंतर एखादी चूक खोडून दुरुस्त केली तर तिथे सही हवी आणि शपथ देणाऱ्याचा शिक्काही हवा. वकिलाकडे बसून हे एकदा शांतपणे करून घेतलं की छाननीच्या दिवशी झोप लागते.

सूचक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, हा दुसरा मोठा खड्डा. मोठ्या मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारापेक्षा छोट्याला आणि अपक्षाला जास्त सूचक लागतात. ते याच शहराच्या मतदार यादीतले हवेत, आणि यादीतला भाग क्रमांक व अनुक्रमांक अर्जावर बरोबर हवा. इथे यादी म्हणजे पालिकेच्या निवडणुकीसाठी प्रभागनिहाय फोडलेली यादी. विधानसभेच्या यादीतला क्रमांक टाकला की झालं काम. २०२५ ला १ जुलैच्या विधानसभा यादीवरून ही प्रभाग यादी तयार झाली, आणि फोडताना शेजारच्या गल्लीतली नावं भलत्याच प्रभागात जाऊन बसल्याच्या तक्रारी जागोजाग होत्या. सूचकाने प्रत्यक्ष सही केलीय का, हे अर्ज देण्याआधी दोघांनी तपासावं. सोलापूर जिल्ह्यातल्या अनगर नगरपंचायतीत नोव्हेंबर २०२५ मध्ये नगराध्यक्षपदाचा एक अर्ज सूचकाची सही नसल्यावरून छाननीत बाद झाला, आणि तो तर मोठ्या पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज होता. ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे त्यांचं हे होत असेल, तर ज्याचा अर्ज पुतण्याने मोबाइलवर भरलाय त्याने किती जपायला हवं!

गावात दबाव असेल तर सूचक फुटतो किंवा गायब होतो. म्हणून जितके लागतात त्याच्या दुप्पट सूचक तयार ठेवायचे आणि दुसरा अर्जही भरून ठेवायचा. वेगळ्या सूचकांसह, वेगळ्या दिवशी. एक गेला तर दुसरा उभा राहतो. अर्ज १७ तारखेला दुपारी अडीच वाजता भरायला जाणाऱ्याला हा उपाय करता येत नाही. छाननीत अर्ज गेलाच, तर जिल्हा न्यायालयात अपील करायची मुदत जेमतेम तीन दिवसांची असते. म्हणजे फेटाळल्याच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी, सही-शिक्क्यासह, मागून घ्यायची.

एबी फॉर्म आणि चिन्ह

छोट्या पक्षाला एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदांची, गंमत वाटते, कारण तिकिटासाठी भांडण नसतं. पण कागदाचे नियम तेच. जोडपत्र १ म्हणजे पक्षाने सहीचा अधिकार कुणाला दिला ते, जोडपत्र २ म्हणजे त्या माणसाने उमेदवार कोण ते लिहिलेलं. दोन्ही अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचायला हवेत, सही शाईची हवी. व्हॉट्सॲपवर आलेली प्रत, रबरी शिक्क्याची सही, रंगीत झेरॉक्स चालत नाही. छोट्या पक्षाचा प्रदेशाध्यक्ष नागपूरला आणि उमेदवार कोकणात असेल, तर कागद कुरियरने नाही, माणसाने आणायचा. २०२५ च्या अखेरीस महापालिकेच्या अर्जांच्या वेळी पुण्यात एका उमेदवाराने आपल्याच पक्षातल्या प्रतिस्पर्ध्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याचा आरोप झाला आणि बातमी राज्यभर गाजली. छोट्या पक्षाचा फॉर्म कुणी खात नाही. तो वेळेवर पोचत नाही, एवढंच.

पक्षाची नोंदणी असणं आणि मान्यता असणं यात मोठं अंतर आहे. राज्य निवडणूक आयोगाकडे चारशेच्या वर पक्ष नोंदलेले आहेत, राखीव चिन्ह त्यातल्या मोजक्यांना. बाकीच्यांनी मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रम लिहायचा. एकच चिन्ह दोघांनी मागितलं की चिठ्ठी निघते. आणि नगराध्यक्षाच्या उमेदवाराला जे चिन्ह मिळालं तेच प्रभागातल्या आपल्या उमेदवारांना मिळेल याची खात्री नसते. मग वर कपबशी, खाली एका प्रभागात छत्री, दुसऱ्यात नारळ. प्रचाराची रिक्षा काय ओरडणार?

चिन्ह निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. मशीनवरच्या मतपत्रिकेवर ते काळ्या रेघांत, अंगठ्याएवढं छापलं जाणार आहे. तेवढ्यात ते ओळखू येतं का? तोंडाने एका शब्दात सांगता येतं का? आणि मोठ्या पक्षाच्या चिन्हासारखं दिसतं का? तिसऱ्या मुद्द्यावर काही जण मुद्दाम डाव टाकतात. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात तुतारीसारखं दिसणारं मुक्त चिन्ह घेतलेल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली, आणि राष्ट्रवादी शरद पवार गटाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला. हे चिन्ह पुढे यादीतून काढलं गेलं. अशा चिन्हावर मिळालेली मतं आपली नसतात, आणि पाच वर्षं गावात ‘मतं खायला उभा केलेला माणूस’ ही ओळख चिकटते ती वेगळीच. ज्याला राजकारण पुढेही करायचंय त्याने या मोहात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माघारीचा दिवस

छाननी झाली की फोन सुरू होतात. छोट्या उमेदवाराचा खरा भाव ठरतो तो १८ ते २१ नोव्हेंबरमध्ये. निरोप कोण आणतो यावरून निरोपाचा अर्थ कळतो. गावातला व्यापारी आला तर आर्थिक बोलणं. नातेवाईक आला तर घरच्यांवर दबाव आधीच पोचलाय. जुना मित्र आला तर स्वीकृत, म्हणजे निवडणूक न लढता नेमल्या जाणाऱ्या, नगरसेवकपदाचा शब्द. हा शब्द चार-चार जणांना दिलेला असतो. स्वीकृत नगरसेवकांची संख्या सभागृहातल्या पक्षबळावर ठरते आणि निकालाआधी कुणाकडे किती बळ असेल हे कुणालाच ठाऊक नसतं. तेव्हा तोंडी शब्दाची किंमत काय, ते ओळखावं.

माघार घ्यायची असेल तर उमेदवाराने स्वतः किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाने विहित नमुन्यात नोटीस द्यायची, आणि एकदा दिली की परत घेता येत नाही. म्हणून सावध उमेदवार या दिवसांत कोऱ्या कागदावर कुठेच सही करत नाही. माघारीची वेळ टळून गेल्यावर ‘पाठिंबा जाहीर’ केला तरी नाव मशीनवर राहतंच. त्या पाठिंब्याला कायद्यात काही अर्थ नाही, पण वर्तमानपत्रातल्या फोटोने आपलीच मतं उडतात.

याच दिवसांत नामसाधर्म्याचे अपक्ष दिसायला लागतात. यादी लागली की आपलं आडनाव आणि नाव असलेला आणखी कुणी आहे का ते बघायचं. असेल तर नाव मतपत्रिकेवर कसं छापायचं, टोपणनाव किंवा वडिलांचं नाव जोडून, याची लेखी विनंती वेळेत करायची. छपाई झाल्यावर आरडाओरड करून उपयोग नसतो.

सहा दिवसांचं गणित

एक मध्यम शहर धरू: ब वर्गाची नगरपरिषद, म्हणजे लोकसंख्या ४० हजारांच्या वर आणि एक लाखाच्या आत. मतदार ४५,०००. घरटी चार मतदार धरले तर सव्वाअकरा हजार घरं. उमेदवार एका तासात २५ घरं करतो. पाणी पिण्याचा आग्रह, कुत्रं, वरच्या मजल्यावरची आजी हे सगळं धरून. सकाळी अडीच तास, संध्याकाळी तीन. दिवसाला साधारण १३५ घरं, सहा दिवसांत ८१०. अख्ख्या शहराच्या चौदाव्या हिश्श्याला उमेदवार तोंड दाखवू शकतो. बाकी तेरा हिश्श्यांसाठी तेरा पथकं हवीत, प्रत्येकी तिघं, म्हणजे ३९ माणसं, सहा दिवस कामधंदा सोडून. ज्याच्याकडे ही ३९ माणसं नाहीत त्याने अख्खं शहर करायचा नाद सोडावा.

पर्याय असा. चिन्हाची वाट न बघता पहिली फेरी अर्ज भरल्या दिवसापासून नावावर करायची: मी अमुक, नगराध्यक्षाला उभा आहे, चिन्ह २६ ला कळवतो. दुसरी फेरी फक्त चिन्हाची, आणि तीही शहरातल्या निवडक तिसऱ्या भागात, जिथे आपल्या पक्षाने खरंच काही काम केलंय. उरलेल्या भागात रिक्षा आणि पत्रक. शहरभर पातळ पसरण्यापेक्षा पंधरा बूथवर दुसऱ्या क्रमांकाला येणं पुढच्या वेळी जास्त उपयोगी पडतं.

बरेच छोटे पक्ष फक्त नगराध्यक्षाचा उमेदवार देतात, प्रभागात कुणीच नाही. ही चूक महाग पडते. मतदार एकाच वेळी नगराध्यक्षाचं एक आणि प्रभागातल्या जागांची, साधारण दोन, मतं देतो; सगळी बटणं दाबल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही. गल्लीतला नगरसेवकाचा उमेदवार घरोघर जाऊन तिन्ही बटणं समजावून सांगतो. तुमचा गल्लीत कुणी नसेल, तर वरचं बटण कुठलं दाबायचं ते दुसऱ्याच पॅनलचा माणूस सांगणार. ‘खालची दोन आमची, वरचं तुमचं’ असा सौदा प्रभागातल्या अपक्षांशी करता येतो, होतोही. पण तो अपक्ष हाच सौदा आणखी दोघांशी करून बसलेला असतो. तेव्हा निदान निम्म्या प्रभागांत आपले सहा-आठ प्रामाणिक उमेदवार मिळवणं हे सभेपेक्षा मोठं काम आहे.

खर्चाची मर्यादा २०२५ ला नगराध्यक्षासाठी अ वर्गात १५ लाख, ब वर्गात ११.२५ लाख, क वर्गात ७.५ लाख आणि नगरपंचायतीत ६ लाख होती. छोट्या पक्षाचा उमेदवार या आकड्याच्या जवळपासही जात नाही. त्याच्याकडे दोन लाख असतील तर ते असे जातात: सव्वाअकरा हजार घरांना दोन पत्रकं, दीड रुपयाचं एक धरलं तर ३३,७५०. स्पीकरच्या दोन रिक्षा सहा दिवस, डिझेल-ड्रायव्हरसह रोज अडीच हजार धरले तर ३०,०००. मतदानाच्या दिवशी ५० बूथवर प्रत्येकी दोन माणसांचा चहा, नाष्टा, जेवण, माणशी २०० धरले तर २०,०००. मतदार यादीच्या प्रती, झेरॉक्स, चिठ्ठ्या, टेबलं, बॅनर, वकील यांत उरलेल्या पैशांतले निम्मे. राहिलेले पैसे शेवटच्या दोन दिवसांसाठी हात न लावता ठेवायचे. पहिल्याच आठवड्यात मोठ्या फ्लेक्सवर पैसे उडवणारा उमेदवार ३० नोव्हेंबरला रिक्षा बंद करतो, आणि नेमकं तेव्हाच गाव ऐकायला लागलेलं असतं.

छपाईबाबत एक नियम हमखास मोडला जातो: प्रत्येक पत्रकावर आणि बॅनरवर मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या. ती नसली की तक्रार, पंचनामा, गठ्ठे जप्त. खासगी भिंत असली तरी मालकाची लेखी संमती हवी. वाहन, ध्वनिक्षेपक, कोपरा सभा यांचे परवाने एक खिडकीवर मिळतात, पण चौकाची जागा आधी मागेल त्याला. मोठ्या पक्षांचे लोक शेवटच्या तीन संध्याकाळी सगळे मोठे चौक आधीच घेऊन ठेवतात. छोट्याने मग शाळा सुटायची वेळ, भाजी मंडईची सकाळ, दूध डेअरीची रांग धरावी. तिथे सभा लागत नाही.

मतदान आणि मोजणी

मतदान सकाळी साडेसातला सुरू होतं. त्याआधी मतदान प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान घेतात, ते पुसतात, मग मशीनला सील लावतात. छोट्या पक्षाचा प्रतिनिधी आठ वाजता डुलत येतो आणि हे सगळं चुकवतो. साडेसहाला हजर राहून मशीनचा क्रमांक आणि सीलचे क्रमांक लिहून घेणं हे त्याचं पहिलं काम. यादीत दोन ताऱ्यांची खूण असलेली दुबार नावं आली की त्या मतदाराकडून, दुसरीकडे मत देणार नाही, असं लिहून घेतलं जातंय का हे बघणं दुसरं. संध्याकाळी मशीन बंद करताना एकूण किती मतं पडली त्याचा आकडा घेणं तिसरं. पन्नास बूथना माणसं मिळत नसतील तर आपली पंधरा बूथ पक्की भरावीत आणि बाकीकडे फिरता माणूस ठेवावा.

२०२५ ला यात एक अनपेक्षित गोष्ट घडली. जिथे अपिलांचे निकाल उशिरा लागले, तिथलं मतदान ऐन वेळी २० डिसेंबरवर गेलं, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने सगळीकडची मोजणी ३ ऐवजी २१ डिसेंबरला झाली. ज्यांचं मतदान पुढे गेलं त्या छोट्या उमेदवारांचे पैसे आणि माणसांच्या रजा दोन्ही संपलेल्या होत्या. पोस्टर फाटलेली, रिक्षावाला दुसऱ्या लग्नाच्या ऑर्डरला गेलेला. मोठ्या पक्षाने नवी फेरी मारली. जिथे मतदान झालं होतं तिथे मशीन १९ दिवस स्ट्राँगरूममध्ये राहिल्या. दारावर आपलंही सील लावता येतं, बाहेर प्रतिनिधी बसवता येतो. पण १९ रात्रींना पाळी लावायची म्हटलं तर छोट्या पक्षाची निम्मी संघटना तिथेच थकते. शेजारच्या अपक्षांशी पाळ्या वाटून घेणं हाच व्यवहारी मार्ग होता.

मोजणीला जाताना एक माणूस फक्त आकडे उतरवायला हवा. बूथनिहाय आकडे, आपले आणि पहिल्या दोघांचे. निकालाच्या गुलालात हे कुणी करत नाही, आणि पुढच्या पाच वर्षांचं खरं भांडवल तेच असतं. कुठल्या बूथवर आपला प्रभागातला उमेदवार होता आणि तरीही वरचं मत कमी पडलं? कुठे आपण फिरकलोही नाही आणि दीडशे मतं निघाली? पहिल्या प्रकारच्या बूथवरच्या माणसाने सौदा केलाय. दुसऱ्या प्रकारच्या बूथवर कुणीतरी आपलं काम करतंय, त्याला शोधून काढायचं.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. हरलेला उमेदवार इथेच हमखास चुकतो. हरलो, आता कसला हिशेब, असं म्हणून पावत्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात, आणि मग अपात्रतेची नोटीस येते. पुढची निवडणूक अशी कागदावरच जाते. छोट्या उमेदवाराची अडचण मर्यादा ओलांडण्याची नसते, पावत्या नसण्याची असते. मित्राने फुकट दिलेली जीप, कुणी पाठवलेला वडापाव, काकाने भरलेलं मांडवाचं भाडं, हे सगळं निवडणूक कार्यालयाच्या दरसूचीप्रमाणे किंमत लावून दाखवावं लागतं. रोजच्या रोज नोंद केली तर दहा मिनिटांचं काम. महिन्याने बसलं तर कुणी काय दिलं ते कुणालाच आठवत नाही.

पक्षाच्या पातळीवरही तेच. नोंदणी टिकवायला आयकर विवरणपत्र आणि लेखापरीक्षण अहवाल आयोगाला द्यावे लागतात. जुलै २०१६ मध्ये ते न दिल्याबद्दल राज्य निवडणूक आयोगाने १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली, आणि त्यात विधानसभेत आमदार असलेला एमआयएमही होता. तेव्हा पुढच्या सोडतीआधी उमेदवाराने पक्षाच्या कार्यालयातून या दोन कागदांच्या पोहोचेची प्रत मागून आपल्या फायलीत लावावी. ती मिळत नसेल, तर अपक्ष म्हणून लढायची तयारी वेळेत करता येते.